आतून घासलेली पेटी

चर्चसाठी शवपेट्या करणारा हा सुतार मोठा हट्टी. पेटी बाहेरून जेवढी घासायचा, तेवढीच आतूनही. बायको म्हणायची, "अहो, आत कोण बघायला जाणार आहे?" हा म्हणायचा, "ज्यानं घडवलं, तो बघतो." आणि तान्ह्या बाळाची पेटी असली की मग विचारूच नका! पैसेही घ्यायचा नाही. आईच्या पोटात आल्यापासून माणूस हा माणूसच, तो जीव देवाचा, यावर त्याची ठाम श्रद्धा. त्यावरून दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांचं डोकं खायचा.

मग त्याच्याच मुलीचं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. जावई परगावी कामाला. वॉर्डातली नर्स म्हणाली, "काका, दुपारपर्यंत घेऊन जा. नंतर आम्ही ठेवत नाही."

मुलीनं त्याचा हात घट्ट धरला. "पप्पा, दफनभूमीत माझ्या आजीशेजारी ठेवा त्याला."

"ठेवतो गं."

तो तडक दुकानात गेला. वीतभर पेटी, तिला कितीसा वेळ लागणार? पण आतला एक कोपरा हाताला लागत होता. नातवाला टोचेल म्हणून घासत बसला. घासता घासता रडला, डोळे पुसले, पुन्हा घासायला लागला. पेटी काखेत धरून दवाखान्यात पोचला तेव्हा उन्हं कलली होती आणि नर्सची पाळी बदलली होती.

"ते होय?" नवी नर्स म्हणाली. "दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर गेलं. इतक्या लहानाला बाळ धरत नाहीत, काका."

ओरडणार तरी कुणावर? दुपार त्यानं स्वतःच घालवली होती. ज्या जिवासाठी जन्मभर लोकांशी भांडला, तो त्याच्याच हातून कचऱ्यात गेला. प्रार्थना करावी असंही त्याला वाटलं नाही. कुठल्या तोंडानं करणार?

दुसऱ्या दिवशी त्यानं झाकणाला खिळे ठोकले आणि पेटी दफनभूमीत नेली. फादरनाही त्यानं काही सांगितलं नाही. मुलगी कशीबशी उठून आली होती. तिनं पेटी मांडीवर घेतली.

"किती हलकं आहे हो, पप्पा."

"एवढंसंच तर होतं ते."

तिनं झाकणावरून हात फिरवला. "आतून नीट घासलीत ना? टोचणार नाही ना त्याला?"

"नाही गं," तो म्हणाला. "काही टोचणार नाही."