पाळणाघरांपुढचं शून्य

सरकारी छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या मावशींच्या नजरेतून तीस वर्षांत एकही चूक सुटली नव्हती. अर्थसंकल्प छापताना पाच दिवस सगळ्यांना आत कोंडून ठेवत, फोनही काढून घेत. मावशी करवादत, "बातमी फोडून आमच्या घरी काय सोन्याच्या विटा येणारेत?"

यंदा तिसऱ्या दिवशी त्यांची पेन्सिल थबकली. महागड्या गाड्यांना करात घसघशीत सूट होती आणि पुढच्याच पानावर सरकारी पाळणाघरांपुढे शून्य होतं. त्यांची नात अशाच एका पाळणाघरात असायची, म्हणून तर लेक कारखान्यात जाऊ शकत होती.

आकडा गळला असणार, असं म्हणत त्या साहेबांकडे धावल्या. साहेबांनी मूळ कागद दाखवला. "बरोबर आहे, मावशी. बंदच करतायत."

"नीट बघा ना हो, चूक असेल!" चूक निघावी म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणापुढे हात जोडत होत्या.

साहेबांनी कागद परत फाइलीत ठेवला.

मावशी जागेवर आल्या. पानाखाली नियमाप्रमाणे 'चूक नाही' असं लिहून त्यांनी सही केली. फाटक उघडायला अजून दोन दिवस होते. तेवढे दोन दिवस लेक निर्धास्त होती.