सूप मी उचललं नाही

आई सोमवारी गेली. माझा नर्सिंगच्या शाळेचा अर्ज शनिवारपर्यंत मुंबईला पोचायचा होता.

मंगळवारी मी नानांच्या अंगणात उभी होते. हातात अर्ज. अर्जावर दोन चौकटी होत्या. एकीत आमच्या शाळेच्या मास्तरांची सही झाली होती. दुसरीवर छापलं होतं : गावातील प्रतिष्ठित गृहस्थाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला. गिरीजमध्ये प्रतिष्ठित म्हणजे वाडीवाले, आणि वाडीवाल्यांत पहिले नाना. केळी, नारळ, पानवेली, दोन रहाट. माझी आई त्या घरची सुईण होती.

नाना ओटीवर झोपाळ्यावर बसले होते.

"तिथंच थांब. सुतकात आहेस."

"नाना, एक सही हवी होती."

"कागद पायरीवर ठेव. वर दगड ठेव, उडेल."

मी ठेवला. त्यांनी झोपाळ्यावरूनच मान लांब करून वाचला. उतरले नाहीत.

"सुईणीच्या पोरीला बाळंतपण शिकायला मुंबईला जावं लागतं? या घरातली नऊ पोरं तुझ्या आईनं काढली. तिनं कुठली शाळा पाहिली होती?"

"शनिवारी शेवटची तारीख आहे, नाना."

"मग सुतकातल्या कागदाला मी हात लावू? दहा दिवस जाऊ दे. नाहीतर पुढल्या वर्षी बघ. आजारी माणसं काय संपून जातायत?"

आतून कोणीतरी हसलं. मी कागद उचलला. वळले, तोवर नानांची बायको, माई, बाहेर आली आणि कागद ठेवला होता त्या पायरीवर तिनं गोमूत्र शिंपडलं. दगडावरही शिंपडलं.

माझी वर्तणूक कशी आहे, हे कोणी विचारलंच नाही.

आमची वस्ती गिरीजच्या वाड्या संपतात तिथे, खाजणाच्या, खाऱ्या दलदलीच्या, काठाला. बा नायगावच्या मिठागरावर मजुरीला जायचा, पावसाळ्यात घरी बसायचा. घर चालायचं ते आईच्या हातांवर. बारा घरं तिची. बारा घरांत कोणीही अडलं की आईला बोलावणं यायचं. ती मागल्या वाटेनं जायची, गोठ्याच्या बाजूनं, कुंपणातल्या फटीतून. मूल होईपर्यंत तिच्याशिवाय पान हलत नसे. मूल झालं की तिला कोणी शिवत नसे. तिचं पाणी उकळायचं भांडंही वेगळं, पोचे पडलेलं, गोठ्यात टांगलेलं. काम झालं की मागल्या पडवीत सूप मांडायचे. सुपात तांदूळ, नारळ, खण. ते सूप सुईणीनं दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावायचं आणि पदरात रिकामं करायचं.

त्या सुपाचा एक कायदा होता. लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. सुईण मेली की तिच्यामागून जी बाई पहिलं सूप उचलेल ती त्या बारा घरांची सुईण. जन्मभराची. आजी गेली तेव्हा आईनं नानांच्याच पडवीत उचललं होतं. तेव्हा आई सोळा वर्षांची होती. ती सांगायची, "कोनी इचारलं नाय मला. सूप पुढ्यात आलं, मी उचललं."

मी सातवीची परीक्षा पास झाले तेव्हा मास्तरांनी या अर्जाबद्दल सांगितलं; वय पुरं व्हायला अजून दोन वर्षं होती. मास्तर आमच्या गावचे ख्रिस्ती, गावठाणातल्या चर्चमागे राहायचे. त्यांनी मला आरोग्याचं एक मराठी पुस्तक दिलं आणि त्यांच्या मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट दिले. नर्सिंगच्या शाळेत अनवाणी चालत नाही, ते म्हणाले. बूट एक बोट लहान होते. मी रोज संध्याकाळी ते घालून खाजणाच्या बांधावर चालायचा सराव करायची. पोरं मागून ओरडायची, "मडम आली, मडम आली." आई हसून हसून खाली बसायची. म्हणायची, "मडम, बूट काढ नि पानी आन."

पुस्तकात लिहिलं होतं की नाळ कापायचं हत्यार उकळून घ्यावं, नाहीतर बाळाला धनुर्वात होतो. आठव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो. मी ते आईला वाचून दाखवलं. मग तिनं बोटांवर काही मोजलं. काय मोजलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती तिचा विळा उकळायला लागली. शेजारणी चेष्टा करायच्या, "काय गं, विळ्याला न्हाऊ घालतेस?" ती म्हणायची, "पोरीचा हुकूम हाय."

नाडी मोजायलाही मी तिच्यावरच शिकले. घड्याळ नव्हतं. मास्तरांच्या घरी भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून मिनिट किती लांब असतं ते मनात बसवलं आणि घरी येऊन तिचं मनगट धरायची.

आई गेली त्या महिन्यात नानांच्या सुनेला बघायला म्हणून आईला बोलावणं आलं. सून सात महिने उलटलेली. आई नेहमीसारखी मागल्या वाटेनं गेली. कुंपणाच्या गंजक्या तारेचा तुकडा तिच्या टाचेत शिरला. तिनं तो उपटून टाकला, हळद लावली आणि सुनेचं पोट बघून आली. आठवड्याभरानं म्हणाली, "जबडा आखडलाय गं. पान जास्त खाल्लं वाटतं." मी हसले. खरंच हसले. पुस्तकात धनुर्वात बाळांच्या पानावर होता. मोठ्या माणसाच्या टाचेतून तो येतो हे त्या पानावर नव्हतं, आणि मी फक्त ते पान पाठ केलं होतं. माझ्या लक्षात आलं तेव्हा तिची पाठ कमानीसारखी उचलली जात होती. वसईहून डॉक्टर आणायला बा गेला. डॉक्टर आले नाहीत. मी नाडी मोजत बसले. एवढंच येत होतं मला.

म्हणून आई गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तो अर्ज घेऊन उभी होते. लोकांना वाटलं, पोरगी मडम व्हायला निघाली. मला त्या पानाच्या पुढची पानं हवी होती.

गुरुवारी दुपारी नानांच्या वाडीवरची कामवाली धावत आली. दारात उभी राहून म्हणाली, "चल, सून अडलीय. दिवस भरले नव्हते, सकाळपासून तळमळतीय. तुळिंजची सुईण गावाला गेलीय."

बा म्हणाला, "आमाला सुतक हाय."

"माई म्हनली, अडलेल्या बाईला सुतक नसतं."

बानं माझ्याकडे पाहिलं. मी उठले. खोटं लिहिणार नाही. सुनेची दया आली हे खरं, ती माझ्याच वयाची होती. पण मनात दुसरंही होतं. आज सही मिळेल. मी अर्ज घडी करून पोलक्यात ठेवला आणि आईचा विळा घेतला.

मागल्या वाटेनं गेले. तार अजून तशीच लोंबत होती.

गोठ्यातलं पोचे पडलेलं भांडं खाली काढलं आणि विळा उकळायला ठेवला. माई करवादली, "इकडे जीव चाललाय आणि तू स्वयंपाक मांडतेस? तुझ्या आईनं कधी..."

"दोन वर्षं ती उकळतच होती. तुम्ही कधी गोठ्यात आला नाहीत."

मला वाटतं, आमच्या घरातल्या कोणी तिला दिलेलं ते पहिलं उत्तर.

सून घाबरलेली होती. माझा हात तिनं इतका घट्ट धरला की नखं रुतली. आईबरोबर मी पंधरा-वीस बाळंतपणं पाहिली होती. एकटीनं हे पहिलं. मूल पायाळू नव्हतं, एवढं नशीब. मुलगी झाली, बारीक, निळसर. रडेना. आई करायची तसं तोंडातलं बोटानं साफ केलं, पाठ चोळली, तळपाय चोळले. मग रडली. सून मला म्हणाली, "तुझी आई असती तर..." त्या घरात आईसाठी हळहळणारी ती एकटीच.

मी मागल्या पडवीत आले तेव्हा सूप मांडलेलं होतं. तांदूळ, नारळ, हिरवा खण. माई बाजूला उभी. नाना स्वतः मागच्या दारापर्यंत आले होते. मी त्यांना तिथे कधी पाहिलं नव्हतं.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "आता आईच्या जागी तू. उचल."

मी पोलक्यातून अर्ज काढला. हाताचं रक्त धुतलं होतं, तरी कागदाच्या कडेला एक बोट उमटलं.

"नाना, आज माझ्या हाताचं सुतक चाललं. कागदाचं नाही चालत?"

"ते वेगळं. जीव अडला होता."

"माझाही अडलाय."

ते जरा हसले. रागावले नाहीत. ते हसणं मला अजून सहन होत नाही. "अगं, तू मुंबईला गेलीस तर इथं कोण? बारा घरांनी काय करायचं? तांदूळ आहेत, खण आहे, तुला काय कमी पडू देणार नाही. उचल. दहाव्यानंतर ये, दाखल्याचं बघू."

तेव्हा मला कळलं. सुतक नव्हतंच कधी. सुतक असतं तर मी त्यांच्या नातीला हात लावला नसता. सही नव्हती कारण मी हवी होते, इथे, मागल्या पडवीत, वाकलेली.

"नाही उचलत," मी म्हणाले.

"बाळंतिणीच्या दारात अपशकुन करतेस?" माई म्हणाली.

मी कुंपणाकडे न जाता घराला वळसा घातला, अंगणात आले, झोपाळ्यासमोरून, तुळशीसमोरून, पुढल्या फाटकाकडे चालू लागले. नाना मागून म्हणाले, "कुठून चाललीस?"

"आले मागून. जाते पुढून."

शुक्रवारी मास्तरांनी अर्ज टपालात टाकला. दुसऱ्या चौकटीत मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं : गृहस्थांनी सही दिली नाही. मास्तर म्हणाले, "हे लिहू नकोस, बाय." मी खोडलं नाही. पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. वर लाल शाईत एक शब्द होता. अपूर्ण.

बा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, "तांदूळ तरी आनायचे होतेस." त्याचंही चुकलं नव्हतं. त्या पावसाळ्यात आम्ही बरेच दिवस नुसती पेज प्यालो.

वर्षभर बोलावणी येत राहिली. ज्या घरी बाई अडली त्या घरी मी गेले. पुढल्या दारानं. दोन घरांनी आधी पुढून येऊ दिलं नाही. त्या दोन्ही घरी बाई आत ओरडत होती आणि मी फाटकाशी उभी होते. शेवटी त्यांनीच फाटक उघडलं. उघडलं नसतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. दर वेळी सूप मांडलं गेलं. मी एकही उचललं नाही. विळा मात्र प्रत्येक घरी उकळला, आणि त्या घरच्या बाईला उभं करून कसा उकळायचा ते दाखवलं. म्हणजे उद्या मी नसले तरी त्यांना येईल.

पुढल्या आठवड्यात आईचं वर्षश्राद्ध आहे. नवा अर्ज आणला आहे. मास्तरांची सही झाली आहे. दुसरी चौकट रिकामी आहे. या वेळी तो मी टपालानं पाठवणार नाही. बूट घालून स्वतः मुंबईला जाणार आहे आणि शाळेच्या टेबलावर तो उघडा ठेवणार आहे. चौकट रिकामी का, हे त्यांनी विचारलं तर सांगणार आहे. नाही विचारलं तरी सांगणार आहे. परत पाठवला तर परत जाणार आहे.

आईचं फारसं काही मागे राहिलं नाही. एक विळा आहे. तो मी उकळून, पुसून, कोरड्या फडक्यात बांधून पेटीत ठेवला आहे, अर्जाच्या शेजारी. सूप नानांच्या पडवीत आहे.