वेळवंडी की नीरा

मी नववीत असताना आमच्या शाळेचा संघ टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत अंतिम फेरीला पोचला. टीव्ही म्हणजे भोरची केबलवाहिनी. पण भोर आणि वेल्ह्यातल्या बहुतेक घरांत ती दिसायची, आणि कार्यक्रम नंतर मोबाईलवरही टाकत, त्यामुळे आमच्यासाठी तो टीव्हीच होता. दहावीच्या मुलांची परीक्षा तोंडावर आलेली, म्हणून नववीतल्या आम्हा तिघांना घेतलं होतं. इतिहास तोंडपाठ असलेला एक मुलगा आमचा कप्तान. गणितात कुणाला हार न जाणारी माझ्या बाकावरची मैत्रीण. आणि मी. माझ्याकडे सामान्यज्ञान आलं ते केवळ वडलांच्या दुकानात पेपर येतो म्हणून. पुड्या बांधायच्या आधी मी तो वाचून काढायची.

आमच्याबरोबर विज्ञानाच्या बाई होत्या. सकाळी आमच्या विंझर गावातून कप्तानाच्या चुलत्यांच्या जीपने निघालो. नसरापूर, कापूरहोळ, मग भोरचा रस्ता. गाडीत बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. "आता जे यायचं ते येईल, खिडकीतनं बघा," एवढंच म्हणाल्या.

चित्रीकरण एका मंगल कार्यालयात होतं. लग्नाचं स्टेज, तिथेच तीन टेबलं मांडलेली, मागे निळा पडदा. मध्ये आम्ही, एका बाजूला भोर शहरातली शाळा, दुसऱ्या बाजूला किकवीकडची. समोर खुर्च्यांवर तिन्ही शाळांची मुलं आणि शिक्षक. कानाला हेडफोन लावलेला एक माणूस दर थोड्या वेळाने हात वर करी, की सगळे चिडीचूप. प्रश्न विचारायला पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. बोलायला गोड होते. सुरुवातीलाच म्हणाले, "घाबरायचं नाही. मीसुद्धा पहिल्यांदाच टीव्हीवर येतोय."

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. कप्तानाने एकही तारीख चुकवली नाही. मैत्रिणीने गणितं अशी सोडवली की प्राध्यापकांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर. मी दोनदा "माहीत नाही" म्हटलं आणि एकदा बरोबर सांगितलं. भोरचा संघ आमच्या जरासा मागे होता.

मग आपल्या परिसराची फेरी लागली. भोरच्या संघाला प्रश्न आला, "भाटघर धरण कोणत्या नदीवर आहे?"

त्यांच्यातला चष्मेवाला मुलगा लगेच म्हणाला, "वेळवंडी."

प्राध्यापकांनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं. "चूक. प्रश्न पुढच्या संघाकडे."

खुर्च्यांमधून कुजबुज झाली. हेडफोनवाल्याने हात वर केला. तो मुलगा म्हणाला, "सर, वेळवंडीच आहे."

"बाळ, हरकत असेल तर कार्यक्रम संपल्यावर सांग. आता वेळ चाललाय," प्राध्यापक म्हणाले आणि आमच्याकडे वळले.

कप्तानाने माझ्याकडे पाहिलं, कारण ही फेरी माझी होती. माझ्या मामांचं गाव त्या धरणाच्या पाण्यालाच लागून आहे. लहानपणापासूनच्या सगळ्या मे महिन्याच्या सुट्ट्या मी तिथे काढल्या. पाणी ओसरलं की मामा गाळात कलिंगडं लावतात, आणि आम्ही पोरं उघड्या पडलेल्या पात्रातून पार पलीकडे चालत जायचो. त्या पात्राला वेळवंडीशिवाय दुसरं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. पण माईक हातात घेतलेल्या माणसाने ते चूक ठरवलं होतं. मला वाटलं, पुस्तकात काही वेगळं असेल. वेळवंडी हे आपलं गावठी नाव असेल. आपल्याकडे दुसरी मोठी नदी कोणती, तर नीरा.

"नीरा," मी म्हणाले.

"बरोबर. पाच गुण."

आमच्या शाळेची मुलं टाळ्या वाजवू लागली. मैत्रिणीने टेबलाखाली माझा हात दाबला. ती फेरी संपेपर्यंत पुढचे प्रश्न काय आले ते मला आजही आठवत नाही.

मग मध्यंतर झालं. भोरचे शिक्षक प्राध्यापकांपाशी गेले. आवाज चढवला नव्हता त्यांनी, पण हात सारखे हालत होते. प्राध्यापक कार्ड दाखवून सांगत होते की प्रश्न छापील पुस्तकातून घेतलेत, असं मध्येच बदलता येत नाही. त्या धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या कालव्यांना नीरेचे कालवे म्हणतात, त्यातून पुस्तकवाल्याचा घोटाळा झाला असावा. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

आम्ही बाईंभोवती उभे होतो. बाई पाण्याची बाटली उघडत होत्या. मी म्हणाले, "बाई, वेळवंडीच आहे."

"नक्की?"

"व्हय बाई. मामाचं गाव तिथंच आहे."

"मग नीरा का म्हणालीस?"

"ते चूक म्हणाले ना."

बाईंनी बाटली पुन्हा बंद केली. रागावतील असं वाटलं होतं, पण त्या कप्तानाकडे वळल्या. "तू बोल. संघ तुझा आहे."

कप्तान बुटांकडे बघत राहिला. "आपले पाच जातील, बाई. आन् त्यांना थेट उत्तराचे धा मिळतील."

"म्हंजे पंधराचा फरक," मैत्रीण म्हणाली. तिला हिशेब केल्याशिवाय राहवत नसे. मग ती म्हणाली, "पर हे आख्खं वेल्हं बघणार हाये. सगळ्यांना ठावं हाये धरण कुठल्या नदीवर हाये ते. त्यांच्याम्होरं आपुन चुकीच्या उत्तरावर टाळ्या घेतल्या, असं दिसंल."

कप्तानाने मान वर केली. त्याला जिंकायचं होतं, ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मला त्याची कीव आली आणि भीतीही वाटली, कारण तो नाही म्हणाला असता तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

"जा, सांग," तो म्हणाला. "थांब, मी येतो संगं."

आम्ही दोघं स्टेजवर चढलो. भोरचे शिक्षक बोलायचे थांबले. मी म्हणाले, "सर, आमचं उत्तर चुकलंय. भाटघर वेळवंडीवर आहे."

प्राध्यापक गोंधळले. "अगं, तुम्हाला तर गुण मिळालेत."

"व्हय सर."

"तुला माहीत होतं, तर नीरा का म्हणालीस?"

"तुम्ही वेळवंडी चूक म्हणालात म्हणून."

 प्राध्यापकांनी कार्ड खिशात घातलं, मोबाईल काढला, कोपऱ्यात जाऊन कुणाशी तरी बोलले. परत आले तेव्हा कान लाल झाले होते. मध्यंतर संपल्यावर त्यांनी माईकवर सगळं सांगितलं, दिलगिरी व्यक्त केली आणि गुण बदलले. फळ्यावरचा आमचा आकडा पुसताना कप्तानाने डोळे मिटून घेतले.

नवल म्हणजे त्यानंतर मला एकदम मोकळं वाटू लागलं. छातीवरचं ओझं कुणी उतरवून बाजूला ठेवावं, तसं. शेवटच्या फेरीत बझर होता. सकाळी सरावात मला तो नीट दाबता आला नव्हता, आता दोनदा सगळ्यांच्या आधी दाबला आणि दोन्ही उत्तरं बरोबर आली. तरीही आम्ही दुसरे आलो. फरक पडला तो मैत्रिणीने सांगितलेल्या पंधराहून थोडा कमी. किकवीच्या मुलांनीही आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

जेवणाच्या पंगतीत तो चष्मेवाला मुलगा माझ्या समोर येऊन बसला. भात कालवता कालवता म्हणाला, "मीपण घाबरलो होतो. वाटलं, घरचे इतकी वर्षं चुकीचंच सांगत आले की काय."

"मलाबी तसंच वाटलं," मी म्हणाले. आम्ही दोघं हसलो. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

परतीच्या वाटेवर कप्तान नसरापूरपर्यंत खिडकीबाहेरच बघत होता. तिथे चुलत्यांनी चहाला गाडी थांबवली. बाईंनी सगळ्यांना वडापाव घेतले आणि त्याला म्हणाल्या, "तू तिच्याबरोबर वर गेलास, ते मला आवडलं." तो "हं" म्हणाला. दुसरा वडापाव मागून घेतला, तेव्हा आम्हाला कळलं की आता ठीक आहे.

पण माझी खरी धास्ती पुढे होती. कार्यक्रम रविवारी संध्याकाळी दाखवणार होते, आणि मामांनी सगळ्या पाहुण्यांना फोन करून ठेवले होते. आपल्या भाचीने आपल्याच नदीचं नाव चुकवलेलं ते बघणार. मी आईलाही त्यातलं काही बोलले नव्हते. रविवारी आमच्या घरी शेजारपाजारचे जमले. मी दाराशी उभी राहिले, म्हणजे तो प्रश्न आला की बाहेर सटकता येईल.

परिसराची फेरी सुरू झाली. भोरच्या संघाला दुसराच प्रश्न आला. मग आम्हाला. मग मध्यंतराची जाहिरात. भाटघर आलंच नाही. वाहिनीवाल्यांनी तो प्रश्न, माझी नीरा, भोरच्या मुलाची हरकत, प्राध्यापकांची दिलगिरी, सगळंच कापून टाकलं होतं. कुणालाच काही कळलं नाही. शेजारच्या काकू एवढंच म्हणाल्या, "दुसरी आली पोरं, लई झालं."

मी दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसले. आता सटकायची गरज उरली नव्हती.

थोड्या वेळाने मामांचा फोन आला. "बघितलं गं. झ्याक बोललीस. पर आपल्या धरनाचं काईच इचारलं न्हाई त्यांनी."

गप्प बसता आलं असतं. पण आता त्यात भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं, नीरासकट.

मामा पलीकडे मोठ्याने हसले. "मास्तर चूक म्हनला तर तू काय करनार," ते म्हणाले. "सांगितलंस न्हवं मागनं? मग झालं. आईला दे फोन."

मी फोन आईला दिला आणि आत जाऊन ताट वाढून घेतलं. सकाळपासून घास उतरला नव्हता. त्या रात्री मी भाकरीवर भाकरी खात राहिले, आणि आई फोनवर बोलता बोलता माझ्याकडे बघत होती.