टेंपोत न चढलेला घाणा

आमच्या रोह्याकडच्या गावात शनवारी तेल मिळायचं नाही, आणि कुणाला लागायचंही नाही. तेल काढायचे शेजारचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांचा शनवारी शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही, म्हणून घाणा बंद. आम्ही हिंदू, शनवारी तेल घरात आणलं की साडेसाती. इतकं सोयीचं गाव दुसरीकडे असेल तर दाखवा.

त्यांच्यातली शेवटी एकच मावशी उरली. बाकी सगळे इस्रायलला, तिचा मुलगाही तिकडेच, समुद्रकाठच्या कुठल्याशा गावात. त्याने तिचं तिकीट काढलं होतं. ती म्हणायची, "घाणा चालवणारं कुणी मिळू दे, मग जाते." नवरा गेल्यापासून घाणा बंद. पडवीत लाकडी उखळ, त्यात लाट म्हणजे जाडजूड खांब, आणि खांबावर कोंबड्या.

मला म्हणाली, "तू घे गो."

म्हटलं, "मावशी, नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला, मी वालाच्या शेतात. मला मरायला तरी वेळ हाय काय?"

मग मुलानेच फोनवर परस्पर कोलाडच्या एका रिसॉर्टवाल्याला घाणा देऊन टाकला. त्याला तो जेवणघराच्या दारात ठेवायचा होता, वर दिव्यांच्या माळा सोडून. हेरिटेज म्हणे! आणि टेंपो आला तो नेमका शनवारी.

मावशी ओटीवर बसलेली. "आज व्यवहार नाय," म्हणाली.

"व्यवहार नको मावशी, नुसता उचलायचाय," टेंपोवाला म्हणाला. त्याच्या माणसांनी उखळाला दोर बांधला. मावशीची हनुवटी थरथरायला लागली. मला ते बघवेना, मी ओटीवर चढले.

"हात लावू नका! घाणा माझा हाय."

"कधीपासून?"

"कालपासून."

माझ्या आवाजापुढे आमच्या आळीत कुणी टिकत नाही. टेंपो रिकामा गेला.

वाटलं, मावशी गळ्यात पडेल. कसलं काय! दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर. "शब्बाथच्या दिवशी माझ्या ओटीवर उभी राहून खोटं बोललीस. आता ते खरं कर."

घ्या! करायला गेले एक अन् झालं भलतंच. आमचा म्हातारा बैल टिलर आल्यापासून रिकामाच होता, त्याला जुंपला. पहिल्या फेरीतच तो घराकडे निघाला. मावशी जाईपर्यंत रोज माझ्या उरावर उभी. तीळ किती घालायचे, पेंड कधी उकरायची, हळू गो, हळू. मग मुलगा आला नि ती गेली. मला धड भेटलीही नाही. बैलाच्या पाठीवरून तेवढा हात फिरवला. मला असा राग आला म्हणता!

काही दिवसांनी तिचा फोन आला. "घाणा चालू हाय?"

"हाय."

"ऐकव."

मी फोन लाटेजवळ धरला. बैल फिरत होता, लाकूड करकरत होतं. दोन-चार फेऱ्या तिने ऐकल्या. मग म्हणाली, "कोरडा चाललाय गो. पाणी घाल."

मी तिळावर ओंजळभर पाणी शिंपडलं. करकर बसली.

"आता?" मी विचारलं.

ती रडत होती, लहान पोरासारखी, मोठ्याने. "मावशी, ठेवू काय फोन?"

"नको गो. राहू दे तसाच."

मी फोन तिळाच्या पोत्यावर ठेवला आणि बैलाला हाक दिली.