सरहद्दीवरचा बाळंतविडा

राज्यांची फेररचना झाली आणि आमच्या ह्यांची नागपूरहून भोपाळला बदली झाली. कुणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि माझं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं, म्हणून मी बरेच दिवस धुसफुसत होते. भोपाळच्या शिवाजी नगरात शेजारच्या क्वार्टरातल्या मुसलमान मावशींशी, खालांशी, ओळख झाली आणि माझं तोंड बंद झालं. त्यांची एकुलती लेक लाहोरला दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण. तिला माहेरी यायची परवानगी दोनदा नाकारली. शेवटी खालांनाच तिकडे जायचा व्हिसा मिळाला, तोही लेकीला नववा लागल्यावर. आपण वेळेवर पोचतो की नाही, हाच घोर त्यांना लागला होता.

बाळंतविडा मात्र त्यांनी हौसेनं शिवला. सगळी झबली नवीकोरी, वर चकचकीत जरीचा गोटा लावलेला.

"खाला, नया कपड़ा बच्चे को टोचता है," मी म्हटलं.

"दुल्हन, उसकी ससुराल वाले क्या कहेंगे?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी आईच्या जुन्या नऊवारीची दुपटी शिवून त्यांच्या बोचक्यात तळाशी कोंबली.

खालांचा मुलगा सरकारी कारकून. सरहद्दीचं नाव काढलं की त्याला धडकी भरायची. ह्यांनाही भरली, पण मी कुठली ऐकते! अमृतसरपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बसनं आम्ही दोघं त्यांना पोचवायला गेलो.

सरहद्दीच्या फाटकाशी कस्टमवाल्यानं बोचकं सोडलं. "नया माल नहीं जाएगा," म्हणत एकेक झबलं बाजूला टाकलं. माझं डोकंच फिरलं. मी भांडायला पुढे होणार, तोच खालांनी माझा हात दाबला. त्यांना एक क्षणही घालवायचा नव्हता. तळाची दुपटी त्यानं चाचपून पाहिली.

"ये तो पुरानी हैं. ले जाइए."

खाला निघाल्या. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एवढं बरोबर आलो आणि साधा निरोपही नाही, म्हणून मी चिडले. मग मला पलीकडचं फाटक दिसलं. तिथे दिवस भरलेली एक मुलगी खुर्चीच्या हाताला धरून उठायची धडपड करत होती. खालांनी चालणं सोडलं आणि त्या चक्क पळत सुटल्या.

मी तिथेच उभी राहून रडले, आनंदानं. लेकीला माहेरी येऊ दिलं नव्हतं. आता माहेरच तिच्याकडे धावत निघालं होतं.