कॅरव्हॅन झाकायची कशापासून?

डॉक्टरांनी निळी ताडपत्री अर्धी उलगडली होती आणि त्यांच्या बायको शकुंतलाबाई ताडपत्रीच्या दुसऱ्या टोकावर पाय ठेवून उभ्या होत्या.

"आतली हवा कोंडंल. बुरशी येईल," बाई म्हणाल्या.

"अगं, मे महिन्यातलं ऊन काय असतंय? टपाचे सांधे फाटतील उन्हानं. आन् वरून पाऊस न्हाय का?"

मग दोघांनीही माझ्याकडं बघितलं.

उमरग्यात हायवेलगत माझं ट्रकची बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. ही कॅरव्हॅन, म्हणजे जीपच्या मागं जोडून न्यायची चाकावरची खोली, मीच बांधली होती. आत पलंग, ओटा, छोटा संडास. डॉक्टर लोहाऱ्याचे, जनावरांचे. त्यांच्या नोकरीच्या काळात प्रवासाची बॅग भरली की कुणाची तरी गाय अडायची. बाईंनी समुद्र पाहिलाच नव्हता. आता डॉक्टर रिटायर झाले, तर बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं. पुण्याला मुलाकडं राहणं आलं. तोवर गाडी लोहाऱ्याच्या मोकळ्या प्लॉटवर उभी करायची होती. फरशीखालचं प्लायवूड कुजलं तर समुद्र राहिलाच.

"तुम्ही बांधली, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले.

"खरं सांगू? मला माहीत न्हाय. ट्रक कुणी झाकून ठेवत नाही. तो पळतच असतो."

बाई हसल्या. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. म्हणाल्या, "मग बघू की करून. उरलेला माल आहे ना?"

होता. त्याच प्लायचे, त्याच पत्र्याचे मी दोन खोके केले. सांध्यांना तेच सिलंट भरलं. सिलंट म्हणजे फटीतून पाणी जाऊ नये म्हणून लावतात तो रबरासारखा लेप. बाईंनी दोन्हींत वाटीभर मीठ ठेवायला लावलं. "दमट झालं की मीठच सांगंल." एक खोका ताडपत्रीत आवळून बांधला, दुसरा उघडाच. दोन्ही वर्कशॉपच्या गच्चीवर. निकाल लागेपर्यंत कॅरव्हॅन माझ्या शेडमध्ये ठेवली.

बाई पुण्याहून फोन करायच्या. गुडघ्याचं विचारलं की म्हणायच्या, "ते राहू द्या, खोके काय म्हणतेत?" मलाही चटक लागली. जेवण झालं की मी गच्चीवर.

उन्हाळा सरला, पाऊस पडून गेला. डॉक्टर आले तेव्हा आम्ही आधी ताडपत्री सोडली. आतून कोंदट वास आला. मिठाचं पाणी झालं होतं, प्लायवर काळे ठिपके. वाऱ्यानं सैल झालेल्या ताडपत्रीनं फडफडून कोपऱ्यावरचा रंगही घासून नेला होता.

डॉक्टर म्हणाले, "जिंकली म्हणायची बाई."

"थांबा, दुसरा बघू."

उघड्या खोक्याच्या सिलंटला उन्हानं केसासारख्या चिरा गेल्या होत्या. तिथूनच पाणी उतरलं होतं. मीठ विरघळलेलं, एका कडेचं प्लाय फुगलेलं.

मी व्हिडिओ कॉल लावून बाईंना दोन्ही वाट्या दाखवल्या. "म्हणजे आमी दोघंबी नापास," त्या म्हणाल्या. आवाजात नाराजी नव्हती, उलट गंमत वाटत होती. "अहो, आपल्या कडब्याच्या गंजीवर नुसतं छप्पर असतंय ना? बाजू कुठं झाकतो आपण?"

लोहाऱ्याच्या प्लॉटवर मी चार पाइप रोवून वर पत्रा टाकला. गाडीच्या टपावर हातभर जागा सोडली, बाजू मोकळ्या. खिडक्या जाळी लावून थोड्या किलकिल्या ठेवल्या. गाडीत मिठाची वाटी ठेवलीच.

दुसऱ्या गुडघ्याचंही ऑपरेशन उरकून बाई पुढचा पाऊस सरल्यावर काठी टेकत परत आल्या, तेव्हा गाडीचं दार त्यांनीच उघडलं. मिठाचे जरा गोळे झाले होते, इतकंच. फरशी ठणठणीत. पुढच्या आठवड्यात दोघं कोकणात गेली. तिथून बाईंनी एक फोटो पाठवला. पलंगावरून काढलेला, खिडकीत नुसतं पाणी.

त्यानंतर आणखी दोन-तीन कॅरव्हॅन बांधल्या. गिऱ्हाईक विचारतंच, "झाकून ठेवू का?" मी विचारतो, "कशापासून?" बहुतेकांनी तेवढा विचार केलेला नसतो.