खाऱ्या तळ्याकाठचे शंख

बुलढाण्याहून एसटी सुटते न सुटते तोच मीनलचा फोटो आला. मागे बर्फ, पुढे काळंभोर तळं आणि तिच्या हातमोज्यावर वाटाण्याएवढी गोगलगाय. आम्ही दोघी एकाच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि गोड्या पाण्यातल्या गोगलगाई हा दोघींचाही विषय. उत्तर ध्रुवाकडच्या तळ्यांच्या मोहिमेसाठी दोघींनीही अर्ज केला होता. निवड तिची झाली. मी पेढे वाटले, तिची बॅगही भरून दिली. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ती मीच.

फोटोखाली तिने लिहिलं होतं, ‘इथे जाती अगदी मोजक्या. थंडी कडक, पाण्यात चुना कमी, म्हणून शंखही पातळ.’ वाचून माझा जळफळाट झाला. लोणारच्या खाऱ्या, सोड्याच्या पाण्यात मी गोगलगाय कधी पाहिली नव्हती. तिथे एक जरी जिवंत मिळाली असती, तरी मीनलचा बर्फ फिका पडला असता. मी निघाले होते ती त्यासाठीच.

मेहकरला चहा घेताना निम्मा पदरावर सांडला. पुढे लोणार आलं. विवराच्या काठावर उभं राहिलं की पायाखाली झाडीची प्रचंड परात दिसते आणि तिच्या तळाशी हिरवं पाणी. पायवाटेने उतरले. खाली कुजकट वास. एका ओघळीच्या तोंडाशी, चिखलात, पांढरे पिळदार शंख पडले होते. रिकामे होते, पण मी भराभर वेचून रुमालात बांधले. इथे शंख आहेत म्हणजे इथे कोणीतरी जगलंय!

रेंज वर काठावर आली. धापा टाकत फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘खाऱ्या पाण्यातली गोगलगाय. थंडीचं काय घेऊन बसलीस?’

तिथेच धारेवर (काठातून वाहणाऱ्या गोड्या पाण्याच्या झऱ्यावर) एक बाई मेथीच्या जुड्या धूत होत्या. कांताबाई त्यांचं नाव. मी शंख दाखवले, जरा ऐटीतच.

“हे तं आमच्या वावरातले (शेतातले) हायेत,” त्या म्हणाल्या.

“वावरात कुठून येतील?”

“काऊन नाई येणार? उन्हाळ्यात गावतलावाचा गाळ आणून टाकतो ना आमी. त्याच्यात ढीगभर असतेत. पाणी पडलं का वाहून जातेत खाली.”

माझं तोंड उतरलं. गावतलाव गोड्या पाण्याचा. वीस वर्षं शंख बघतेय आणि ट्रॉलीतून आलेला गाळ मला ओळखता आला नाही.

कांताबाईंना दया आली असावी. त्यांनी फडक्यातली भाकर आणि ठेचा पुढे केला. “जित्त्या पाह्यच्या हायेत का तुमाले? मंग ह्या पाहा.” मेथीच्या मुळाला दोन लहानशा गोगलगाई चिकटल्या होत्या. “बाजारात गिऱ्हाईक भांडते मले. म्हंते, भाजीत किडे देऊन राह्यली का!”

मग धारेच्या कडेकडेने आम्ही खाली उतरलो. वर शेवाळलेल्या दगडांवर तीन प्रकारच्या गोगलगाई होत्या. थोडं खाली एकच प्रकार उरला. जिथे दगडांवर पांढरा खार चढला होता, तिथून पुढे एकही नाही.

“इथून खालती नाईच भेटत,” कांताबाई म्हणाल्या. “माह्या सासूची केळी होती इथं, तवापासून पाह्यते मी.”

तिकडे थंडी, इकडे खार. गोगलगाईंनी कुठे राहायचं ते पाणीच ठरवतं, हे मीनलला बर्फात कळलं आणि मला मेथीच्या जुडीत. पण माझ्या मनात एकच गोष्ट टोचत होती. फोटो गेला होता.

परतीच्या एसटीत बसले आणि तिचं उत्तर आलं. ‘खरंच? मी केव्हाची तोच फोटो बघतेय. खरं सांगू? जळतेय मी. उद्या इथे सगळ्यांना दाखवणार.’

लगेच खरं लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. फोन मांडीवर ठेवला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा ते वाक्य वाचलं. फार बरं वाटत होतं.

सुलतानपूर आलं. ‘ते शंख गाळातले आहेत, कोणाला दाखवू नकोस,’ असं लिहिलं, सोबत मेथीच्या जुडीचा फोटो जोडला आणि पाठवून दिलं.

लोणार ते सुलतानपूर, तेवढा वेळ का होईना, कोणीतरी माझ्यावर जळत होतं.